चौपट सर्व्हर

प्रिय खारूताई,

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं "बरं" म्हणतेस आणि तुझं "बरं" म्हणजे पुढे आठ दिवस अबोला. इथे मला निदान शेवटपर्यंत बोलता येईल. बाबा मजेत आहेत. बाल्कनीतला नळ त्यांनी स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे उद्या प्लंबर येणार आहे.

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात एकदाचा नवा डेटाबेस सर्व्हर घ्यायचं ठरलं. शहरातला प्रत्येक मीटर, प्रत्येक बिल, प्रत्येक पावती ज्याच्या पोटात असते, ते मशीन. तुला ओळख करून द्यायला नको. तू शाळेत असल्यापासून ते आपल्या जेवणाच्या टेबलावर चौथं माणूस म्हणून बसतंय. बिल भरायच्या शेवटच्या आठवड्यात ते असं अडून बसतं की परवा खिडकीवरचे एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमच्याकडे पाणी तरी येतं, पावती काही येत नाही."

साहेबांना मात्र पटत नव्हतं. "चालतंय ना?" हा त्यांचा एकमेव तांत्रिक प्रश्न. सुटे भाग मिळायचे बंद झालेत, उद्या मशीनने मान टाकली तर बिलंच निघणार नाहीत, असं सांगितल्यावर ते एकदम उदार झाले. "मग दुप्पट मागा हो. वरचे निम्मं कापतातच." घाईघाईत त्यांनी कंपन्यांना विचारणाही पाठवून दिली, शहरात एकूण मीटर किती, एवढाच आकडा लिहून. मी म्हटलं, ते प्रस्ताव येईपर्यंत निदान मोजून तरी बघू. इतक्या वर्षांत हे आत्ताच कसं सुचलं, असं विचारू नकोस.

महिनाभर मशीनची नाडी धरून बसले. एका वेळी किती माणसं काम करतात, मेमरी किती भरते, डिस्कला धाप कधी लागते. निघालं काय? साहेब रोज सकाळी चहाबरोबर एक रंगीत वर्तुळ उघडतात, सगळ्या शहराचा पाणीवापर दाखवणारं. ते रंगवायला मशीन पहिल्या मीटरपासूनच्या सगळ्या नोंदी वाचत बसतं आणि तोवर खिडक्यांवर लोक ताटकळतात. शिवाय जुन्या नोंदींच्या चार-चार प्रती, कारण पुसायची छाती कुणाची नाही. वर्तुळ आदल्या दिवशीच तयार करून ठेवायची सोय केली, फालतू प्रती काढल्या, तेव्हा कुठे खरा भार दिसला. शेवटच्या आठवड्याची गर्दी आणि पुढच्या पाच वर्षांतल्या नव्या नळजोडण्या धरल्या तरी आत्ताच्या दीडपट मशीन पुरतं.

विचारणा तुमच्या कंपनीलाही गेली आहे हे कळलं, तेव्हाच मी साहेबांना सांगून टाकलं की तिथे माझी लेक आहे. म्हणून कंपन्यांच्या नावांवर पट्ट्या चिकटवून मगच प्रस्ताव माझ्यापुढे ठेवले. तिसरा उघडला आणि पट्टी फुकट गेली. मेमरी चौपट, डिस्क चौपट, प्रोसेसरही चौपट. बाकीच्यांनी चाचपडत अंदाज बांधले होते, या एकाच प्रस्तावाला आकड्याची इतकी खात्री. आणि हा आकडा साऱ्या जगात एकाच ठिकाणी बोलला गेलाय, आपल्या जेवणाच्या टेबलावर.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हा लेकीचा दिसतोय, मला यातून बाजूला करा. तर म्हणतात कसे, "अहो, मला तर हाच आवडलाय, सगळ्यांत मोठा! लेकीचा असला तर घरचंच काम झालं की." मी नुसती मान हलवायची होती. ही पहिली ऑर्डर मिळाली की तू कायम होणार, हे मला माहीत आहे. मी मान हलवली, पण आडवी. माझी मोजणी दुसऱ्या शाखेतल्या इंजिनिअरकडे तपासायला दिली. त्याचंही उत्तर दीडपटच आलं. साहेबांनी तोंड वाकडं करून दीडपटीवर सही केली आणि नकाराचं पत्रही मलाच लिहायला लावलं.

सोमवारी तुमच्या ऑफिसात आमचं नकाराचं पत्र येईल. कारण एकच असेल, "गरजेपेक्षा मोठे." ते वाक्य मी लिहिलंय, आणि ते तुला तुझ्या साहेबांच्या तोंडून कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. ते विचारतील, हा आकडा आणलास कुठून? खुशाल माझं नाव सांग. मागच्या खेपेला तू घरी आली होतीस, मी नेहमीसारखी मशीनच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा तू हातातला घास तसाच ठेवून विचारलं होतंस, "आई, खरंच चौपट लागेल?" ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या मशीनपुढे गेलं, तिलाच विचारलंस. याहून वेगळं तू काय करायला हवं होतं, मला सांगता येत नाही. आणि मी तुला आमटी वाढता वाढता म्हणाले होते, "कमीच सांगतेय."

तुझीच, यापुढे जेवताना तरी तोंड आवरणारी,
आई