दोन जागी सापडलेला मामा

तीर्थस्वरूप मामास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (खुर्चीत बसूनच वाकले, पण मान पुरेशी खाली गेली होती.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? दुकानात गिऱ्हाइकं येतात ना? इकडे सगळे मजेत. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालत सुटलेत, त्यामुळे आता एकही दार वाजत नाही आणि आम्ही दिवसभर एकमेकांना दचकवत फिरतो. आईने तुला काहीही सांगितलेलं नाही. मी पत्र लिहायला बसल्यापासून ती तीनदा येऊन गेली आणि तिन्ही वेळा ‘माझं काही सांगायचं नाही’ असं बजावून गेली, तेव्हा तिचं काही नाही हे मुद्दाम कळवते.

ते टेबलाचं प्रकरण मी उकरून काढणार नाही. एक पाय लांब वाटला म्हणून तू तो कापलास, मग तो आखूड झाला म्हणून उरलेले कापलेस, मग पुन्हा पहिला, आणि असं करत करत आजोबांचं जेवणाचं टेबल गुडघ्यांना लागेपर्यंत खाली आलं तरी डुगडुगायचं ते डुगडुगतच राहिलं, यातलं मी अवाक्षर काढणार नाही. (दिवसभर लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजणाऱ्या चष्मेवाल्याच्या हातून हे व्हावं, हे वाक्य आईचं. माझं नाही.) त्यावर तिने आता जमिनीवर सतरंजी अंथरू का म्हणून विचारलं, तू करवत काखोटीला मारून चालता झालास, आणि तेव्हापासून माझी आई आणि माझा मामा एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत, बाबांच्या निवृत्तीच्या जेवणालाही नाही. मला याचं फार वाईट वाटतं. एवढं लिहून मी माझ्या फजितीकडे वळते, कारण पत्र त्यासाठीच आहे.

मी प्रयोगशाळेत नक्की करते काय, हे तू दर वेळी विचारतोस आणि उत्तर अर्ध्यावर आलं की भिंगं पुसायला लागतोस. आज पूर्ण ऐक. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, आणि मणी म्हणजे अमिनो आम्लं. (माळेत ओवल्यावर शास्त्रात त्यांना अवशेष म्हणतात, पण ते ऐकून आई घाबरते, म्हणून घरी मणी.) ही माळ सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळत जाऊन तिचा गोळा होतो, आणि त्या गोळ्यात कोण कुणाला खेटून बसलंय ते शोधणं हा माझा उद्योग. प्रत्येक मण्याचा पत्ता फाइलीत लिहिलेला असतो. अंतरं काढायची, ठरलेल्या मापाच्या आत आले की संपर्क, बाहेर राहिले की राम राम. माळेत शेजारी ओवलेले जवळ असणारच, करतात काय बिचारे, म्हणून त्यांचं कुणाला कौतुक नाही. कौतुक दूरच्यांचं! एक माळेच्या मधला, एक पार टोकाचा, आणि गुंडाळल्यावर पाहावं तर गळ्यात गळे. असे दूरचे जवळ येतात म्हणून तर गोळा टिकतो, नाहीतर सगळं सुटून लोंबायला लागेल.

तर मामा, गेल्या पंधरवड्यात मला असा एक संपर्क सापडला की मी आनंदाने खुर्चीसकट गोल फिरले आणि कचऱ्याचा डबा पाडला. माळेच्या मधला एक मणी आणि अगदी शेवटचा मणी, आणि दोघांमधलं अंतर इतकं कमी की आजवर कुणी पाहिलं नसेल. (कुणी का पाहिलं नसेल, हा प्रश्न शहाण्या माणसाला तिथेच पडला असता. मी अतिशहाणी.) मी हे मार्गदर्शक बाईंना सांगितलं. बाई एरवी इतक्या शांत की आगीचा भोंगा वाजला तरी आधी वाक्य पूर्ण करतात, पण त्याही खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. विभागात बातमी पसरली. जिना चढताना लोक मला वाट देऊ लागले. सगळ्यांसमोर सादरीकरण ठरलं आणि कुणीतरी केक मागवला, वर साखरेचे दोन मणी, एकमेकांना चिकटलेले.

आता ऐकणाऱ्यांत कार्यालयातली मंडळीही असणार, त्यांना सोपं उदाहरण हवं, म्हणून मी आपलं कुटुंबच घेतलं. बाबांच्या निवृत्तीच्या जेवणाला त्यांनी फोन हळूहळू फिरवत लांबलचक आडवा फोटो काढला होता, आठवतं? ‘कुणी हलू नका’ म्हणून ओरडत त्यांनी तो इतक्या सावकाश फिरवला की डावीकडच्यांचं जेवण होऊन ते हात धुऊन आले. त्या फोटोतली माणसं मी वयाच्या क्रमाने ओवली, हातभर अंतर म्हणजे संपर्क असं माप धरलं आणि प्रोग्राम चालवला. थोरली आत्या आणि तिचा नावडता जावई यांच्यात सगळ्यांत घट्ट संपर्क निघाला (दोघांनाही पंख्याखालची तीच जागा हवी होती). आणि एका मण्याचा कुणाशीच संपर्क निघाला नाही. गॅलरीच्या दारात, हातात ताट, पाठ भिंतीला. तो तू. पडद्यावर एवढा मोठा एकटा मामा पाहून मी पुढचं चित्र लावायचंच विसरले, पण पुढे केक होता, म्हणून माझ्या शोधाकडे वळले.

आणि तिथे माशी शिंकली. आमचे संचालक डोळे उघडे ठेवून झोपू शकतात अशी ख्याती आहे, पण त्या दिवशी ते नेमके जागे होते. त्यांनी शांतपणे विचारलं की शेवटचा मणी माळेच्या टोकाला असायला हवा, तुमचा हा मध्येच कसा लोंबतोय? मी ऐटीत चित्र फिरवून दाखवलं. मणी कुठल्याच दोऱ्यात नव्हता. पुन्हा फिरवलं. अजूनही नव्हता. माझ्या पाचावर धारण बसली. मग सगळ्यांसमोर फाइल उघडली आणि उलगडा झाला. तो मधला मणी एका जागी ठरतच नाही, कधी इथे असतो, कधी किंचित तिथे, म्हणून फाइल लिहिणाऱ्याने त्याचे दोन्ही पत्ते इमानदारीने लिहिले होते. माझ्या प्रोग्रामने (माझ्याच, मीच लिहिलेल्या, परवापर्यंत मी ज्याचे लाड करत होते त्या) एकच क्रमांक दोनदा पाहिला, त्याला ती लिहिणाऱ्याची चूक वाटली, आणि दुसऱ्या पत्त्याला नवा क्रमांक देऊन त्याने त्याला रांगेच्या शेवटी नेऊन बसवलं. म्हणजे मी ज्या अभूतपूर्व जवळिकीचा शोध लावला होता, ती एका मण्याची स्वतःशीच होती! पहिल्यांदा संचालक हसले, मग सगळं सभागृह, मग मीही, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. केक मात्र सगळ्यांनी खाल्ला. तुकडा मागायला आलेल्या लेखनिकाने मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

सगळे गेल्यावर बाईंनी साखरेचा एक मणी मला दिला, एक स्वतः खाल्ला आणि आपल्या कुटुंबाचा फोटो पुन्हा लावायला सांगितला. मूळचा, मी साफसूफ करण्याआधीचा. मग उजवीकडे बोट ठेवून म्हणाल्या, हीच चूक तू इथेही केलीस, फक्त उलटी. कारण मामा, त्या फोटोत तू दोनदा आहेस. बाबांचा फोन गॅलरीपासून टेबलापर्यंत पोचेतो तू चालत तिकडे गेलास, आणि दुसरा तू मी कॅमेऱ्याचा दोष समजून पुसून टाकला होता. बाई म्हणाल्या, एखादा दोन ठिकाणी सापडला तर दोन्ही खरं असतं, आधी दोन्ही नोंदव, मग संपर्क मोज. मी मोजले. फार मोठं काही नाही, सावकाश कळवीन. सध्या प्रोग्राम दुरुस्त चाललाय, संचालक जिन्यात भेटले की माझ्या दोन्ही पत्त्यांची चौकशी करतात, आणि एकूण मी झाल्या प्रकाराने इतकी हलकी झाले आहे की बाबांचं तेल पायाखाली आल्यासारखी चालते.

तब्येतीला जप. दुकानातल्या काकांना नमस्कार.

तुझी फजीत भाची

ता. क. माझ्या चष्म्याची डावी दांडी सैल झाली आहे. खरं तर पत्र त्यासाठीच. रविवारी दुपारी इकडे येऊन आवळून देशील का?

ता. क. दुसरा. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. दांडी ठणठणीत आहे. त्या फोटोतला दुसरा तू आईच्या खुर्चीशेजारी, गुडघा दुखतो म्हणणारा तू, चक्क उकिडवा बसून टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो आहेस. आणि आई आत्याशी बोलल्याचं सोंग करत भलतीकडेच बघते आहे, पण तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड उचलून धरली आहे. पुठ्ठा नीट जावा म्हणून. फोटो सोबत जोडला आहे, भिंगाखाली बघ.

ता. क. तिसरा. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय. म्हणून रविवारी ये.

ता. क. चौथा. पुठ्ठा मीच काढला. आज सकाळी चहा सांडला तेव्हा आईने खाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग या पाकिटाकडे. मी म्हटलं, मामा रविवारी नवा घेऊन येईल. ती फडक्याने बराच वेळ एकच जागा पुसत राहिली. तेव्हा वर मी आईने काही सांगितलेलं नाही असं लिहिलं आहे ते खोड, आणि तिचा निरोप जसाच्या तसा घे: “जाड पुठ्ठा आण म्हणावं त्याला. आणि जेवायलाच ये म्हणावं. करवत आणायची नाही.”