शेवटचं बोलणं आमचं

४ फेब्रुवारी

म्हातारा विसरायला लागलाय! आज खात्री पटली. सकाळी साक्षीदाराची उलटतपासणी झाली, जेवून परत बसलो, तर साहेब मला विचारतात, "मग, तुमचा साक्षीदार कधी येणार?" साक्षीदार समोरच बसलेला, दात कोरत! मी म्हटलं, "आलाच आहे साहेब." सगळे हसले. साहेबही हसले. सगळ्यांना वाटलं, थट्टा करतायत. मला नाही वाटलं.

निवृत्त न्यायमूर्ती. दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेले एकमेव लवाद. एके काळी यांच्यापुढे उभं राहिलं की माझी बोबडी वळायची. आता दुपारच्या बैठकीला त्यांना त्यांची खुर्ची मी दाखवतो.

भांडण जुनंच, घराघरातलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. थोरला भाऊ गेला, त्याचा हिस्सा बायकोकडे आला. धाकट्याला — म्हणजे माझ्या अशिलाला — कारखाना हवाय, वहिनी नकोय. म्हणणं असं की ती फक्त कागदावरची भागीदार, कामाला कधी हात लावला नाही. धडधडीत खोटं आहे. पण इस्त्री करून दिलं की खोटंही खपतं.

९ फेब्रुवारी

प्रयोग केला! मुंगी दोन तास बोलली. (वहिनीची वकील. पूर्वी माझ्याच हाताखाली होती. नाव मीच ठेवलेलं — बारकी, गप्प, सतत काहीतरी वाहून नेणारी.) उत्तम बोलली, खरं सांगायचं तर. मी शेवटी पाच मिनिटं बोललो आणि मुद्दाम एक शब्द टाकला — "शोभेची बाहुली". संध्याकाळी अंतरिम आदेश आला. निकाल लागेपर्यंत वहिनीने कारखान्यात यायचं नाही, कारण ती "शोभेची बाहुली" आहे!

म्हणजे शेवटचं जे कानावर पडतं, तेवढंच त्या डोक्यात राहतं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि दावा आमचा, त्यामुळे रिवाजाप्रमाणे पहिलं बोलणं आमचं आणि त्यांचं झालं की उत्तर म्हणून शेवटचंही आमचंच. देव देतो तेव्हा असं छप्पर फाडून देतो.

१० फेब्रुवारी

अशिलाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, मग तुमची गरज काय?

२१ फेब्रुवारी

मुंगीला कळलंय. लवादाची स्मरणशक्ती शाबूत नाही, त्यांना बदला, असा अर्ज तिने थेट कोर्टात केलाय. तारीखवार प्रसंग दिलेत. एकूण एक खरे. वाचताना राग आला तो त्याचाच. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

अशील म्हणाला, "मी देतो ना प्रतिज्ञापत्र." मी म्हटलं, तुमच्या शपथेला कोण विचारतंय? मीच देतो. तीस वर्षांची ओळख आहे. लिहिलं — साहेबांची बुद्धी आजही वस्तऱ्यासारखी आहे, प्रत्येक बैठकीत मी स्वतः हे अनुभवलं आहे. शपथेवर. सही ठोकली. नाष्टाही नीट गेला.

५ मार्च

अर्ज फेटाळला. फेटाळणारच होता. कोर्टात बसलेले न्यायाधीश म्हाताऱ्याच्याच तालमीत वाढलेले. सासूची चौकशी सासूनेच करायची, आणि सुनांनी बाहेर निकालाची वाट बघायची! माझं प्रतिज्ञापत्र तर आदेशात अख्खं उतरवून घेतलंय.

मुंगी भांडली नाही फारशी. चेहरा कोरा. कच्ची आहे अजून.

१२ मार्च

साहेबांच्या पत्नी ऑफिसात आल्या. एकट्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "काल मला विचारत होते, तुमचे मिस्टर काय करतात म्हणून." मग रडल्या. "तुमचं ऐकतात ते. आता थांबा म्हणून सांगा ना. हसं व्हायच्या आत घरी येऊ देत."

मी पाणी दिलं. म्हटलं, "बाई, काम आहे म्हणून साहेब उभे आहेत. काम काढून घेतलंत तर आठवड्यात आडवे होतील. चालेल तुम्हाला?" बिचाऱ्या घाबरल्या. जाताना माझेच आभार मानून गेल्या!

बैठका दोनच उरल्यात. दोनच बैठका तर टिकवायचंय त्यांना.

२६ मार्च

संपलं. मुंगी दीड तास. मग मी. झकास झालं. "कागदावरची भागीदार", "शोभेची बाहुली" — सावकाश, दोन-दोनदा. साहेब मान डोलवत होते.

मी बसलो, तर वहिनी उठली. "साहेब, मी दोन शब्द बोलू?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोलू द्या की. आमची काही हरकत नाही." मोठेपणा दाखवायला काय जातंय? ती काहीतरी बोलली. हे आजारी होते तेव्हा मशीन मी चालवलंय, कामगारांना विचारा, पुठ्ठ्याचा वास अजून साडीतून जात नाही, वगैरे. मी कागद आवरत होतो. अशील म्हणाला, "नाटकी आहे." आम्ही हसलो.

९ एप्रिल

निवाडा आला. हरलो.

पाच पानांचा. चौथ्या पानावर — "जिच्या साडीतून पुठ्ठ्याचा वास अजून जात नाही, तिला कागदावरची भागीदार म्हणता येणार नाही." कारखाना वहिनीचा. दिराने हिश्शाची किंमत घेऊन बाहेर पडायचं.

दीड महिना शेवटच्या शब्दावर नागासारखा बसून होतो, आणि तोच तिला हसत देऊन टाकला! मुंगी उठली असती तर आकाशपाताळ एक केलं असतं. पण ती वकील नाही. वकील नसलेलं माणूस बोलतं, ते मी बोलण्यात धरतच नाही. कधीच धरलं नाही.

१० एप्रिल

अशील टेबलावर मुठी आपटत होता. "म्हातारा भ्रमिष्ट आहे! आव्हान द्या निवाड्याला!" कशाच्या जोरावर देऊ? साहेबांची बुद्धी वस्तऱ्यासारखी आहे, असं शपथेवर मीच सांगितलंय, कोर्टाने त्यावर शिक्का मारलाय. तो वस्तरा आता माझ्याच गळ्यावर.

मुंगीला फोन केला. म्हटलं, वहिनीला तूच उठवलंस ना? म्हणाली, "हो सर. मी उठले असते तर तुम्ही बोलू दिलं असतं का?" आणि तो अर्ज? हसली. "तो मंजूर व्हावा म्हणून कुठे केला होता? तुमची शपथ हवी होती. अशिलाला देऊ देणार नाही, स्वतःच देणार, माहीत होतं. सहा वर्षं तुमच्याकडेच शिकले ना."

मी विचारलं, "आणि साहेब? त्यांना आता थांबा म्हणून कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात म्हणे."

म्हणजे साहेबांच्या पत्नी तिच्याकडेही गेल्या होत्या.

१८ एप्रिल

मुंगीचा फोन. नवं प्रकरण, पुन्हा आम्ही समोरासमोर. म्हणाली, "लवाद म्हणून साहेबच ठेवू या का? दोघांनाही सवय झालीये. शेवटचं कोणी बोलायचं, ते आपण चिठ्ठी टाकून ठरवू."

हो म्हटलं.