रेषेवरचा पाय

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

लूट. दिवसाढवळ्या, भरल्या स्टेडियममध्ये लूट.

ही डायरी बायकोनं, वँडानं, नाताळात दिली. डॉक्टर म्हणाले होते बीपी रोज लिहून ठेवा. आज बीपी लिहीत नाही. मशीनच बिघडेल.

शेवटचे काही सेकंद. आम्ही, म्हणजे आमची फुटबॉल टीम टोलीडो पायलट्स, चार गुणांनी मागे. आमच्या हॅस्लरनं मैदानाच्या टोकाला, एंड झोनच्या कोपऱ्यात उडी मारून चेंडू पकडला. अगदी आमच्या सीटांसमोर. दोन्ही पाय आत. टचडाउन, सहा गुण! पुढची फेरी! आणि तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला माणूस हात हलवत सांगतो, नाही, एक पाय रेषेवर पडला, म्हणजे बाहेर. रिप्ले बघायला गेले. बघून आले. परत तेच.

रेफरीचं एक वेळ समजू शकतो. परका माणूस. पण माझ्या शेजारी कॅझ उभा होता. वँडाचा सख्खा भाऊ. माझा मेहुणा. लग्न झाल्यापासून प्रत्येक सामना आम्ही खांद्याला खांदा लावून पाहिला. तो म्हणाला, नॉर्ब, बरोबर दिलंय रे त्यानं. पाय रेषेवरच होता.

सगळं स्टेडियम बोंबलतंय आणि हा म्हणतो बरोबर दिलंय! बसलो की दोघांच्या गुडघ्यांवर असते ती घोंगडी माझी. ती ओढून घेतली आणि ताडताड निघून आलो. पायाखालचा पुठ्ठा तिथेच टाकला. पुठ्ठे कॅझ आणतो, फर्निचरच्या दुकानातून. थंडीत सिमेंटवर पुठ्ठा टाकून उभं राहिलं की पाय गोठत नाहीत. फितुराच्या पुठ्ठ्यावर मी उभा राहणार नाही.

ट्रकही कॅझचाच होता. त्यामुळे पार्किंगमध्ये त्याची वाट बघत कुडकुडावं लागलं. पण घरापर्यंत एक शब्द बोललो नाही.

निश्चय: तो माफी मागेपर्यंत बोलणं बंद.

१३ जानेवारी.

वँडाला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं की तू कुठे बघत होतास?

हा काय प्रश्न झाला! सगळ्या स्टँडला माहीत आहे की निर्णायक क्षणी मी मैदानाकडे पाठ करतो. पूर्वी एकदा मी हॉटडॉगवाल्याला हाक मारायला वळलो आणि नेमके तेव्हा आपण जिंकलो. तेव्हापासून वळतो. टीमसाठी करतो, हौस म्हणून नाही. मी मागच्या रांगांकडे बघत उभा राहतो आणि कॅझ कानात सांगतो, झालं, किंवा गेलं.

काल सांगितलं, गेलं.

वँडा म्हणाली, म्हणजे तू पाहिलंच नाहीस. म्हटलं, पाहिलं. आवाजावरून कळतं, लोकांच्या तोंडावरून कळतं. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून कळतं. ती भांडी लावायला निघून गेली. भावाची बाजू घेणारच.

१९ जानेवारी.

टीव्हीवर रिप्ले पुन्हा पुन्हा पाहिला. बुटाचं टोक रेषेवर दिसतं हे खरं. पण बुटाचा तळ पांढरा, रेषही पांढरी. दिसतोय तो बुटाचाच पांढरा कशावरून नाही? हा मुद्दा कोणीच मांडलेला नाही. कॉमेंटेटरसुद्धा म्हणतो की निर्णय योग्य. विकला गेलेला माणूस. आजपासून आमच्या घरी टीव्हीचा आवाज बंद. नुसतं चित्र बघायचं.

चर्चच्या क्लबात बिअर प्यायला गेलो. अख्खा बार माझ्या बाजूनं. दोन बिअर लोकांनी पाजल्या. तेवढ्यात कॅझ आला. लोकांनी त्यालाच विचारलं, तू तर समोर होतास, सांग. तो म्हणाला, रेषेवर होता, मला वाईट वाटतं, पण होता. कोणीतरी म्हणालं, काय रे, रेफरीकडून नाताळची भेट म्हणून हॅम आला वाटतं? सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. कॅझनं ग्लास अर्धा ठेवला आणि गेला.

एकदाही वळून माझ्याकडे बघितलं नाही. अपराधी माणूस असाच जातो.

२ फेब्रुवारी.

आज शास्त्रीय प्रयोग. मागच्या अंगणात. बर्फावर पांढरी रेष दिसेना म्हणून केचपची काढली. वँडाला उशी दिली, म्हटलं फेक. मी हॅस्लर.

पहिल्या वेळी उशी तोंडावर. दुसऱ्या वेळी झेलली, पण पाय केचपमध्ये. तिसऱ्या वेळी दोन्ही पाय केचपमध्ये, आणि मग बाकीचा मीही. वँडा म्हणाली, रेषेवर. तिला इतकं हसू आलं की तिनं कुंपण धरलं.

बूट एक नंबर मोठे आहेत. प्रयोग ग्राह्य नाही.

कंबर धरली आहे.

३ मार्च.

पुढच्या सीझनच्या सीट पक्क्या करायची मुदत महिनाअखेरपर्यंत. त्या दोन सीट सासरेबुवांच्या. जाताना त्यांनी दोन्ही कॅझच्या नावावर केल्या. माणूस चांगला होता, पण हिशेबात मुलगा आधी आणि जावई नंतर. तरी दुसरी सीट माझीच, हे न बोलता ठरलेलं. दर मार्चमध्ये कॅझ फोन करतो, बसायचं ना? मी म्हणतो, बघू. तो म्हणतो, ठीक. झालं.

यंदा अजून फोन नाही. वँडा म्हणाली, तूच कर. म्हटलं, मी केला म्हणजे रेफरी बरोबर होता असा अर्थ होतो. ती म्हणाली, कोण रेफरी? दोन म्हातारे आणि दोन खुर्च्या, एवढंच आहे ते. बायकांना तत्त्व कळत नाही.

येईल तो नाक घासत. माझ्याशिवाय घोंगडी कुठून आणणार?

१ एप्रिल.

फोन आला नाही. म्हणजे परस्पर पक्क्या केल्या असणार. थेट सप्टेंबरात, पहिल्या सामन्याला, दारात हॉर्न वाजवेल. तसा लाजाळू आहे.

२० एप्रिल.

मोठा निर्णय. चर्चच्या मुलांच्या फ्लॅग फुटबॉल लीगला रेफरी हवा होता, कोणी तयार होईना. मी हात वर केला. या खेळात कोणी कोणाला पाडत नाही. कमरेला पट्टी असते, ती ओढली की खेळाडू जागच्या जागी बाद. प्रामाणिक निवाडा कसा असतो ते आता लोकांना दिसेल. विशेषतः एका माणसाला. त्याची नात ब्रिन त्याच लीगमध्ये खेळते.

पट्ट्यांचा शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो. पोटावर पट्टे जरा लांब लांब जातात. वँडा म्हणाली, आता तू त्यांच्यातला झालास. टोमणा होता बहुतेक.

१० मे.

रेफरीचं काम वाटतं तितकं सोपं नाही. एकाच वेळी रेष, पट्टी, चेंडू आणि रडणारं पोर बघायचं. एका आईनं ओरडून विचारलं की चष्मा घरी विसरलात का. एका बापानं मला आंधळा उंदीर म्हटलं. लोकांना झालंय काय? एक माणूस मनापासून काम करतोय आणि ही भाषा! जरा तरी विचार करावा.

७ जून, शनिवार. फायनलनंतर.

जे झालं ते क्रमानं लिहितो.

शेवटचा डाव. ब्रिनच्या टीमला जिंकायला टचडाउन हवा होता. पोरीनं चेंडू घेतला आणि कडेनं सुसाट सुटली. मागून एक पोरगा पट्टीला हात घालतोय. रेषेआधी पट्टी निघाली की डाव संपला, रेषेनंतर निघाली की ट्रॉफी. सगळं गाव उभं राहिलं.

आणि मी वळलो.

मुद्दाम नाही. इतक्या वर्षांची सवय, पायांनीच वळवलं. शिट्टी तोंडात, पाठ मैदानाला, तोंड प्रेक्षकांकडे. मागे एकच आरडाओरडा. सगळे ओरडत होते म्हणजे त्यातून काही कळायला मार्ग नव्हता. समोर गर्दीत घडीच्या खुर्चीपुढे कॅझ उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे खांदे पडले. ओठ हलले.

गेलं.

मी शिट्टी फुंकली आणि हात हलवले. पट्टी आधी निघाली. टचडाउन नाही.

मग जे पेटलं! ब्रिनच्या टीमचे आईबाप मैदानात. कोणी म्हणे हा आंधळा आहे, कोणी म्हणे हा तर बघतच नव्हता. ब्रिनचा बाप, म्हणजे कॅझचाच मुलगा, माझ्या नाकाला नाक लावून उभा. मी मागे सरकत होतो. तेवढ्यात कॅझ मध्ये आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की बरोबर दिलंय त्यानं, माझीच नात आहे, मी बघत होतो, पट्टी रेषेआधी निघाली. मुलगा त्याला म्हणाला, पपा, तुम्ही कुणाचे आहात नक्की? ब्रिन रडत गाडीत जाऊन बसली.

लोक पांगल्यावर कॅझ जवळ आला. हळूच विचारलं, वळलास ना? म्हटलं, छे. तो म्हणाला, बरं. मग हात पुढे केला.

खरं सांगतो, माझाही हात अर्धा वर आला. पण हाच क्षण होता गोष्ट कायमची मिटवायची. म्हटलं, आधी जानेवारीचं मागे घे. हॅस्लरचा पाय आत होता म्हण.

त्यानं हात खाली घेतला. खुर्ची मिटली. म्हणाला, नॉर्ब, मला दिसतं तेच मी सांगतो. तू तर मला त्यासाठीच विचारायचास ना?

आणि गेला. हट्टी माणूस. पण वितळतोय. सप्टेंबरात बसल्यावर मी मोठ्या मनानं माफ करीन.

५ सप्टेंबर.

रविवारी पहिला सामना. घोंगडी धुऊन वाळवली. वँडा बघत उभी राहिली. मग म्हणाली की तुला सांगायला कोणाला धीर होईना. दुसरी सीट ब्रिनच्या नावावर झाली.

केव्हा? मार्चमध्येच. मुदतीच्या दिवशी कॅझ दिवसभर फोनपाशी बसून होता. म्हणे यंदा नॉर्बनं करायला हवा. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि नातीचं नाव सांगितलं.

माझ्या पाठीमागे! माझी सीट! ज्या पोरीला मी बाद दिलं तिला! आणि हे जूनमध्ये हात पुढे करताना त्याला माहीत होतं. आणि वँडालाही. एका घरात राहून.

मी विचारलं, मग हात कशाला केला होता? वँडा म्हणाली, सीटसाठी नव्हता केला, बाबा.

बीपी लिहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार. दुपार.

बाहेर कडाक्याची थंडी. हरलो तर सीझन संपला. मी घरी, टीव्हीसमोर, आवाज बंद. नव्या फ्रीजचा पुठ्ठा होता, तो कापून पायाखाली घेतला. वँडा म्हणाली, कार्पेटवर पुठ्ठा? म्हटलं, सवय आहे.

मध्येच कॅमेरा आमच्या कोपऱ्यावर गेला. क्षणभरच. कॅझ दिसला, शेजारी ब्रिन. पोरीच्या गुडघ्यांवर भलतीच कुणाची तरी घोंगडी. दोघं वाकून पायाखाली काहीतरी नीट करत होते. पुठ्ठा असणार. तो नेहमी शेजारच्याला आधी देतो, मग स्वतःचा टाकतो.

शेवटचा डाव आला. एंड झोनच्या त्याच कोपऱ्याकडे चेंडू उडाला.

मी वळलो. समोर भिंत. भिंतीवर सासरेबुवांचा फोटो आणि पडद्याची दोरी. मागे टीव्ही, त्यातून आवाज नाही. शेजारच्या घरात कोणीतरी जोरात ओरडलं. आनंदानं की रागानं, कळेना.

थांबलो. कानात काहीच आलं नाही.

म्हटलं, कॅझ, काय झालं?

वँडा स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिरोगीच्या करंज्या लाटत होती, हात पिठाचे. म्हणाली, वळून बघ ना.

वळलो तेव्हा जाहिरात लागली होती.