सोयर फिटल्यावरच्या करंज्या

आई, या वेळची नाताळची खरेदी एका पिशवीत बसली. थोडा रवा, थोडी साखर, सुक्या खोबऱ्याची एक वाटी आणि तुपाची छोटी पुडी. दुकानदारानं बिल हातात ठेवलं तरी मी तिथंच उभी राहिले, काहीतरी विसरलं असेल म्हणून. काही विसरलं नव्हतं. एका माणसाला इतकंच लागतं. तुझ्या सगळ्या युक्त्या मला अजून तोंडपाठ आहेत, पण त्यातली एकही इथं सोलापूरच्या या दोन खोल्यांत चालत नाही. जास्त घ्यावं तर खवट होऊन जातं, कमी घ्यावं तर महाग पडतं. काटकसर करायलासुद्धा घरात चार माणसं लागतात, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुला ते कळायची वेळच आली नाही म्हणा.

मुरुमला आपण तिघंच होतो, पण तुझी तयारी दहा माणसांची असायची. बाबा गेलेले, तू सरकारी दवाखान्यातली नर्सबाई, मी आणि माझा धाकटा भाऊ. गावात ख्रिस्ती घर आपलं एकच. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाजारातले म्हातारे अजून त्याच्या हाली पैशांत भाव सांगायचे आणि तू तो भाव मनातल्या मनात फिरवून त्यांच्याआधी आकडा बोलायचीस. गावाची दिवाळी संपली की तुझा नाताळ सुरू. महिन्याची साखर आली की त्यातली निम्मी डब्यात जायची आणि आम्ही गुळाचा चहा प्यायचो. भाऊ नाक मुरडायचा. ज्यांच्या घरी बाळंतपण केलंस ती माणसं काही ना काही आणून द्यायची, कुणी तीळ, कुणी शेंगा, कुणी करडई. ते सगळं तू बाजूला टाकायचीस. करडई घाण्यावर न्यायची, तेल आपण आणायचं आणि पेंड घाणेवाल्याला मजुरीत सोडायची. रवा विकत घ्यायचा नाही, गहू भिजवून दळायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायचा. भाजीपाल्याला बाजार उठायच्या वेळी जायचं. मटण थोडं आणि बटाटे भरपूर, इतके की भाऊ ताटात बोटानं मटण शोधत बसायचा.

नानकटाईचं पीठ घेऊन आपण दोघी भट्टीवाल्याकडं जायचो. तो फक्त भाजायची मजुरी घ्यायचा. पीठ बोटांनी दाबून बघायचा आणि मान हलवायचा. "सिस्टरबाई, घी और होना. नै तो पत्थर होता."

"होऊ दे पत्थर," तू म्हणायचीस. "चहात बुडवून खातो आमी."

तो हसायचा आणि स्वतःच्या डब्यातलं बोटभर तूप त्यात घालायचा. तू दुसरीकडं बघत राहायचीस. मला वाटायचं तुझं लक्ष नाही. आता वाटतं, तू त्या तुपाचाही अंदाज धरूनच घरून निघत असशील.

एवढं सगळं वाचवून तू त्याचं करायचीस काय, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. ते जायचं हलवायाकडं. आळीतल्या घरांना द्यायला पेढे. दिवाळीला त्या सगळ्या घरांतून आपल्याकडं फराळ यायचा, मग नाताळला आपण काहीतरी द्यायला नको का? पण आपल्या चुलीवरचं त्यांना चालत नव्हतं. म्हणून हलवायाच्या हातचे पेढे, हलवायाच्याच कागदात आणि हलवायानंच बांधलेल्या सुतळीत. ती गाठ तू कधी सोडायची नाहीस. पुडे स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाहीस, बाहेरच्या खोलीत पट्ट्या-कापसाच्या पेटीवर ठेवायचीस, म्हणजे त्यांना आपल्या घरचं पाणी लागलं असं कुणी म्हणायला नको. आमच्या तोंडाला पेढा कधी लागला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "आपल्याला करंज्या हायेत की." आपल्या करंज्यांत गूळ आणि डाळ्याचं पीठ असायचं, खोबरं नावाला.

मग ते वर्ष आलं. तुझा पगार रखडला होता. आज येईल, उद्या येईल म्हणत दिवाळी गेली. हलवायाकडं जायचा प्रश्नच नव्हता. त्याच दिवसांत समोरच्या काकूंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मोठं शेतकरी घर, ओसरीवर आजी, म्हणजे काकूंच्या सासूबाई, बसलेल्या असायच्या आणि घरात काय चालतं, काय चालत नाही हे त्या ठरवायच्या. एरवी तुला त्या घरात चहा मिळायचा तो ओसरीच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. तो कप तूच धुवायचीस आणि तूच कोनाड्यात ठेवायचीस. त्या मुलीचं बाळंतपण अडलं. तू दवाखान्यातून तशीच तिकडं गेलीस ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलीस, मूल आणि आई दोन्ही वाचवून. पुढचे दहा-बारा दिवस तू रोज जात होतीस. मुलीला न्हाऊ घालायचीस, तुझ्या हातानं पेज भरवायचीस. एके संध्याकाळी पदर खोचत खोचत तू आम्हाला सांगितलंस, "आज आतल्या कपात चहा दिला गं मला." असं सांगितलंस की जणू पगारच आला.

तिथं तू चुकलीस, आई. तुला वाटलं, पोरीनं आपल्या हातची पेज खाल्ली, आपण आतल्या कपात चहा प्यालो, आता झालं. पण घरात मूल जन्मलं की सोयर लागतं. तेवढे दिवस ते घर स्वतःच विटाळलेलं असतं, देवाची पूजासुद्धा बंद असते, मग तुझ्या शिवण्यानं आणखी काय बिघडणार होतं? तू इतक्या घरांत बाळंतपणं केलीस, तुला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक होतं. पण त्या वेळी तुला ते ठाऊक असायला नको होतं, एवढंच.

तू दोन प्रकारच्या करंज्या केल्यास. एक आपल्या, गुळाच्या. दुसऱ्या समोरच्यांच्या. डब्यातली होती नव्हती ती सगळी साखर, खोबऱ्याची एक अख्खी वाटी, वेलदोडासुद्धा कुठून तरी मिळवलास. भावानं त्यातली एक उचलली तर त्याच्या हातावर चापट मारलीस. तू आम्हाला सहसा मारायची नाहीस. तो रडला, तरी करंजी त्याच्या हातातून काढून परत ताटात ठेवलीस. नाताळच्या सकाळी आपण घरातच प्रार्थना केली आणि मग माझ्या हातात ताट दिलंस, वर तुझा भरतकाम केलेला रुमाल. "नीट जा. पळू नको," म्हणालीस.

अजून तो रस्ता ओलांडते आहे असं वाटतं मला. आजी ओसरीवर बसल्या आहेत, पायांवर ऊन घेत. मी ताट पुढं करते.

"काय आणलंस गं?"

"करंज्या. आईनं केल्यात."

"पुडा न्हाय आणला व्हय औंदा?"

मी मान हलवते. दारात काकू येऊन उभ्या राहतात. आजी रुमालाकडं बघतात. त्या रागावलेल्या नाहीत, आवाजही चढवत नाहीत. "घेऊन जा बाळा घरी," म्हणतात. "तुजी आई लई गुणाची हाय. पर सोयर फिटलं न्हवं का आता आमचं."

मी ताट जसंच्या तसं परत आणलं. तू दारातच होतीस, तू सगळं पाहिलं असणार. तरी मला म्हणालीस, "काय म्हणाल्या ते सांग. जसंच्या तसं." मी सांगितलं. तू पाटावर बसलीस आणि रुमालाची घडी घातलीस. मग म्हणालीस, "बरोबर हाय त्यांचं. माझंच चुकलं." भावानं विचारलं, आता आम्ही खाऊ का? तू म्हणालीस, खा. त्यानं एकामागून एक खाल्ल्या आणि प्रत्येक करंजीला "अक्का, तू पण घे की" म्हणत राहिला. मी खाल्ली नाही. मला इतका राग आला होता की साखरेचा वाससुद्धा नको झाला होता, आणि तो राग आजीवर होता की तुझ्यावर हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुपारी मागचं दार वाजलं. काकू होत्या. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, चपला हातात. आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाई, हायेत का ऱ्हायलेल्या?" दोनच उरल्या होत्या. तू ताट पुढं केलंस. त्यांनी एक उचलली आणि खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुमी व्हतात म्हून माजी पोर वाचली," म्हणाल्या. "म्या काय करू? सासूबाई हायेत तवर... कुणाला सांगू नगा, बाई."

"न्हाय सांगत," तू म्हणालीस. त्यांच्या हनुवटीला सारण लागलं होतं, ते तू स्वतःच्या पदरानं पुसलंस. त्या गेल्यावर तू इतकी खुशीत होतीस की दुसरी करंजी मोडून अर्धी मला देऊ लागलीस. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "चोरून खाल्ली तर त्याचं काय कौतुक? समोरून का नाही आल्या?"

तू चिडली नाहीस. "त्यांच्या दारातून आपल्या मागच्या दाराला यायचं तर अख्ख्या आळीला वळसा पडतो," म्हणालीस. "उन्हाची, अनवाणी आली ती बाई. माझ्या घरचं खायला आली. मला बास झालं."

मला बास झालं नाही. पुढच्या वर्षी पगार वेळेवर आला, पुन्हा हलवायाचे पुडे, पुन्हा न सोडलेली गाठ, आणि आमचा गुळाचा चहा. आपली बदली होईपर्यंत दर नाताळला दुपारी काकू मागच्या दारानं येत राहिल्या आणि तू त्यांच्यासाठी साखरेची एक करंजी वेगळी ठेवत राहिलीस. मी तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात जो येईल तो पुढच्या दारानं येईल. आणि मी ते पाळलं. फार कडक पाळलं.

इथं शेजारी चांगले आहेत. कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, डबा दिला की लगेच घेतात आणि छान झालं म्हणून फोनवर कळवतात. आत येऊन बसायला मात्र कुणाला सवड नसते. तुझ्या काळी लोक आपल्या घरचं खात नव्हते, पण सबंध दिवस दारासमोरून ये-जा करत होते, हाका मारत होते. इथं सगळे खातात आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजत नाही. नाताळच्या दिवशी देवळातून, म्हणजे आपल्या चर्चमधून परत आले की कुलूप काढताना जो आवाज होतो, त्यानंतर घरात माझाच आवाज.

भाऊ लातूरला असतो. त्याचं कसं झालं ते तुला सांगायचं राहिलं. मुलींची लग्नं चांगल्या हिंदू घरांत झाली, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे त्या घरांना सांगितलेलं नाही, म्हणून त्यानं माझ्याकडं आलेलंही त्याच्या घरी चालत नाही. भिंतीवरचा तुझा क्रूससुद्धा त्यानं कपाटात ठेवला आहे. दर डिसेंबरात त्याचा फोन येतो. "अक्का, सणाच्या दिवशी जमायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी येऊन जाऊ का? घरी काही सांगत नाही मी." आणि दर वर्षी मी त्याला एकच उत्तर दिलं, उजळ माथ्यानं येणार असशील तर ये, नाहीतर येऊ नको. तो बरं म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याचेही केस आता पिकले असतील, मी पाहिलेले नाहीत.

परवा पुन्हा त्याचा फोन आला. या वेळी म्हणाला, घरी बँकेचं काम आहे असं सांगतो आणि दुपारच्या गाडीनं येतो. मी "ये" म्हणाले. फोन ठेवला आणि तशीच पुन्हा दुकानात गेले, आणखी रवा घेऊन आले. तुला वाटेल पोरगी सुधारली, उशिरा का होईना आईचं मन तिला कळलं. तसं काही नाही, आई. एकटीनं जेवायचा कंटाळा आला, म्हणून म्हणाले.