जादूगाराचा कागद आणि राहतं घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. डॉक्टरांनी सकाळी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकोणऐंशीला मी कंटाळलो. डोकं शाबूत आहे, दम उरलेला नाही, असा दाखला त्यांनी दिला. कवळ्या घासताना चाळीस वर्षं उडालेली भुकटी छातीत बसली आहे. तिला वारस नेमीत नाही.

१. घासायचं यंत्र, मेणाच्या सुऱ्या आणि साचे कोपऱ्यावरच्या दंतवैद्य बाईंना द्यावेत. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकलं नाही.

२. वडिलांचा रेडिओ धाकट्या भावाला. तीस वर्षं मागतो आहे. तो लागत नाही. माझी बायको गेली तेव्हा भाऊ चारचौघांत म्हणाला होता, याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्याने आता रेडिओ कानाला लावून बसावं.

३. जादूगाराचा कागद सुनेकडे राहावा. वकिलांनी विचारलं, ही कसली मालमत्ता? म्हणून खुलासा करतो.

मुलगा घर सोडून गेल्यावर सून इथेच राहिली. चहा झाला का, गोळी घेतली का, एवढंच आमचं बोलणं. रविवारी दुपारी तिच्याकडे शिवणकामवाली आणि औषधांच्या दुकानातले कंपाउंडर येत. कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ: सून गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. एकदा एक गडी कमी पडला आणि तिने मला ओढून बसवलं. मला जादूगार बनवायचा होता, त्याचे गुण एका कागदावर लिहायचे. अंगातली ताकद किती लिहू, तिने विचारलं. सगळ्यांत कमी लिही, म्हटलं, जिना चढताना धापा टाकणारा कर. बुद्धीला मात्र तिने भरपूर गुण दिले. शिवाय मंत्राने बांधलेला एक सोबती प्राणी निवडायचा होता. घुबड, मांजर, कावळा असे देखणे पर्याय सोडून मी बेडूक घेतला. कवळीच्या गुलाबी मसाल्यातून त्याची मूर्तीही केली.

चार महिन्यांनी गोष्टीत आमची मंडळी तळघरात अडकली. बाहेर जायला एकच नळ, बेडकापुरता. सून म्हणाली, पाठवा, मेला तरी मंत्राने परत बोलावता येतो, नियमच आहे. मी पाठवीना. खेळ थांबला, मंडळी घरी गेली. तिने फासे गोळा केले आणि मुलगा गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं,

"बाबा, तो जाणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"दोन महिने आधी सांगितलं होतं त्याने मला."

"आणि ते दोन महिने मी तुम्हाला जेवायला वाढत होते."

"वाटलं, जाणार नाही."

वीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा दारापाशी ठेवायची. एकविसाव्या दिवशी रविवार होता. तिने माझा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमची पाळी आहे." मी बेडकाला पाठवलं. तो मेला. मंत्र म्हणून परत बोलावला, त्यात पुढचे तीन रविवार गेले. माझ्या पश्चात जादूगार कोणाला खेळू द्यायचा हे तिने ठरवावं.

४. शिल्लक रक्कम दवाखान्याचा खर्च भागवून सुनेला.

५. मुलगा आला तर त्याला आत घ्यावं, खुर्ची द्यावी, माझ्यावतीने कोणी दोन शब्द सुनावू नयेत. ते माझे मी फोनवर सुनावले आहेत. घरात त्याचा हिस्सा नाही.

६. राहतं घर संपूर्णपणे सुनेचं. वकील म्हणाले, कारण लिहा, "सेवा केल्याबद्दल" लिहितात. ते लिहू नये. सेवेचा मोबदला म्हटलं की तिला वाटेल, फिटलं, किंवा अजून फिटायचं आहे. ती इथे राहो, विको, भाड्याने देवो, दुसरं लग्न करो. माझी खोली जशीच्या तशी ठेवू नये, पलंग पहिल्या आठवड्यात काढावा. आणि तिला जिथे जायचं असेल तिथे ती निघाली, तर या घरातल्या, नात्यातल्या कोणीही तिला "का गेलीस" असं विचारू नये. तिने मात्र जाण्याआधी ज्याला सांगायचं त्याला तोंडावर सांगावं. एवढी एकच अट आहे, आणि तीही कायद्याने बंधनकारक नाही असं वकील म्हणतात.

हे वाचून, समजून, आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार पहिली: शिवणकामवाली
साक्षीदार दुसरे: कंपाउंडर

सही: कवळीवाला
स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल
तारीख: चौदा, रविवार, दुपारी साडेतीन. सून बाजारात गेली असताना.