मी हसले, तेही लिहिलं

१७ नोव्हेंबर, सोमवार
मधली सुट्टी. रेणुका माझ्या पुढच्या बाकावर, खिडकीशी. ऋत्विकनं मागून तिची ओढणी खिडकीच्या गजाला बांधली. ती उठली तशी गळ्याला ओढ बसली. मग तो तिच्या अंगावरून काहीतरी बोलला, इथं लिहीत नाही. सगळा वर्ग हसला. मीपण. तो माझ्याकडं बघत होता म्हणून का काय...
रेणुकाला गाठ सुटेना. कुणी उठलं नाही.

१९, बुधवार
रेणुका कालपण नाही, आजपण नाही. तिचे वडील आले, मेंढरं भावाच्या हवाली करून. मी हेडसरांच्या खोलीबाहेर पाण्याची बाटली भरायलते. सर म्हणाले, "दहावीचं वरीस हाय. लेकरं मस्करी करतेत. तुमीच पोरीला जरा समजावा."
"काय समजावू, सर?"
वडील बाहेर आले, चप्पल घालून निघून गेले.

२०, गुरुवार
वर्गशिक्षिका जाधव मॅडमनी आम्हा मुलींना थांबवून घेतलं. "सोमवारी काय झालं? कुणी पाहिलं?"
सगळ्याजणी दप्तरं आवरायला लागल्या. मी वहीवर रेघा मारत बसले.
गेटपाशी ऋत्विक आडवा आला. "मला वाटलं, तीबी हासंल." चेहरा उतरला होता. खरंच कळलं नाही का याला?

२३, रविवार
आईला सगळं सांगितलं. "मग हितं काय बसलीस? जा की."
सायकलवर रेणुकाच्या गावी, पेडगावला. रेणुका कोकरांना पाला टाकायलती. तिनं चहा केला. लय वेळ कोकरांबद्दलच बोललो. मग म्हणाली,
"तू बी हासलीस."
न्हाई म्हणणार होते. "हो" म्हणाले.
"त्याचं सोड. तो तसलाच हाय. तुजं लय लागलं."
मी रडले. ती नाही.

२४, सोमवार
मॅडमना कागद दिला. कोण काय बोललं, सगळं. शेवटी 'मी पण हसले.' मॅडमनी दोनदा वाचलं.
"हे शेवटचं ठेवायचं?"
"ठेवा."
दुपारी वर्गातली पूजा आली. तिच्याशीपण ऋत्विकनं बसमध्ये... तिनं वेगळा कागद लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुंदर.

२६, बुधवार
हेडसरांनी बोलावलं. "आधी का नाही सांगितलं?"
मॅडम म्हणाल्या, "सर, आधी तिचे वडील सांगून गेले."
सर चष्मा पुसत राहिले. मग ऋत्विकच्या घरी फोन लावला.
वर्गात माझ्या बाकावर खडूनं 'चुगलखोर'. पुसलं. हात पांढरा झाला.

२८, शुक्रवार
शाळेच्या तक्रार समितीची बैठक झाली. ऋत्विकची आई रेणुकाच्या वडिलांपुढं रडली. त्याला ब तुकडीत टाकलं, आठवडाभर शाळेत यायचं नाही. पूजाचं पुढच्या बैठकीत. हेडसर रेणुकाच्या वडिलांना सोडायला गेटपर्यंत गेले. "त्या दिवशी माझं चुकलं. पाठवा तिला."
"पोरीला इचारतो," ते म्हणाले.

३०, रविवार
संध्याकाळी आईच्या मोबाइलवर रेणुकाचा फोन. मागं मेंढरांचा कालवा.
"उद्या इंग्रजीचा तास कितवा हाय?"
"दुसरा."
"बरं."
ठेवला.