कावळ्याला दिलेला शब्द

१४ नोव्हेंबर

कावळा शिवेना! आज मालिनीचा दहावा. खाडीवर पिंड ठेवले आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. समोरच्या माडावर बसून बघत होते. खाली एकही येईना.

तिचा भाऊ दत्तात्रेय पुढे झाला. हात जोडून बोलू लागला – माले, घर विकणार नाहीत. माले, तुझी नथ सुनेलाच मिळेल. उन्मेष वर्षातून दोनदा येईल. कावळे जागचे हलेनात. मग लोक माझ्याकडे बघायला लागले. बायकोची काय इच्छा राहिली हे नवऱ्याला ठाऊक असणार, असं धरून चालतात. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू या, मागचे लोक थांबलेत.

तेवढ्यात आमचा उन्मेष म्हणाला, "आई, तुझी ती अर्धी राहिलेली कादंबरी बाबा पुरी करतील."

कावळा आला. शिवला.

शब्द माझ्या वतीने. मला न विचारता.

१८ नोव्हेंबर

काल तेरावा झाला. उन्मेष आणि सूनबाई आज ठाण्याला गेले. जाताना पुस्तक माझ्या उशाशी ठेवलं. बाबा, वाचा हं, नाहीतर आई मलाच धरेल, म्हणाला.

जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केली. वाचन म्हणजे वर्तमानपत्र, तेही उभ्याने. कादंबरी ही पहिलीच. नाव इथे लिहीत नाही. मुखपृष्ठावर एक बाई वाऱ्यात उभी आहे. पदर सावरत नाही.

१९ नोव्हेंबर

दोन प्रकरणं. मनस्विनी नावाची बाई. तिचा नवरा गौरव. बँकेतून येतो, जेवतो, बातम्या बघतो, झोपतो. लेखिकेच्या मते हे वाईट आहे.

२१ नोव्हेंबर

आता वेद आला. पुण्याचा, घरांचे नकाशे करतो. फार बोलतो. समुद्राबद्दल बोलतो, मनस्विनीच्या हातांबद्दल बोलतो. बोलत नसतो तेव्हा तिच्याकडे बघतो आणि पुन्हा बोलतो. दिवाळीत झाडावरचा पिकलेला हापूस काढून तिला देतो. दिवाळीत! दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, माझ्या कलमांना अजून मोहोरसुद्धा नाही. ती मात्र काही न विचारता खाते.

वेदला चहा करता येतो. याचं पुस्तकात फार कौतुक आहे.

२४ नोव्हेंबर

मालिनी जिथे थांबली होती तिथे पोचलो. त्या दिवशी दुपारी तिने पुस्तक खाटेवर पालथं ठेवलं आणि दिवेलागणीला गेली. उन्मेषने ते पान दुमडून ठेवलंय.

त्या पानावर मनस्विनी गौरवला विचारते, इतक्या वर्षांत मी काय विचार करते हे तू कधी विचारलंस का? गौरव म्हणतो, जेवण गार होतंय.

मीही हेच म्हणालो असतो.

मालिनी नेमकी इथेच का थांबली? मी तिला कधी विचारलं होतं का? आठवत नाही. विचारलं असतं तर आठवलं असतं. कावळा एवढा वेळ उगाच नाही बसून राहिला.

२५ नोव्हेंबर

वाचलं नाही. कलमांच्या बुंध्यातलं गवत काढलं. दत्तात्रेयचा फोन आला, वाचताय ना म्हणून. हो म्हणालो.

२७ नोव्हेंबर

गडग्यापलीकडच्या कुलसुमभाभी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या. मालिनी रोज दुपारी त्यांच्याकडे जायची. मला वाटायचं, कोळंबी सोलत बसत असतील दोघी. तर मालिनी त्यांना ही कादंबरी वाचून दाखवायची! भाभींची शाळा उर्दूतली. मराठी माझ्यापेक्षा जास्त बोलतात, पण अक्षरं लागत नाहीत.

पुढे काय झालं, विचारलं त्यांनी. मनस्विनी घर सोडेल असं दिसतं, म्हणालो. तर एकदम हात वर केला – नको नको, सांगू नका, मालिनी कधी पुढचं सांगायची नाही.

मग मी विचारलंच. विचारताना भाकरीकडे बघत होतो. "मालिनीला तो वेद आवडायचा का?"

भाभी हसल्या. या घरात महिनाभरात कोणी हसलं नव्हतं. "त्याला शिव्या द्यायची, भावजी. म्हणायची, असला बोलघेवडा घरात असता तर मी चार दिवसांत वेळणेश्वरला माहेरी पळाले असते."

भाकऱ्या दोन खाल्ल्या.

३० नोव्हेंबर

संपली. मनस्विनी वेदकडेही जात नाही आणि गौरवकडेही नाही. दापोलीला खोली घेऊन राहते आणि मुलांना चित्रकला शिकवते. भाडं कसं परवडतं ते दिलेलं नाही. गौरव एकटा स्वयंपाक करायला लागतो. दोघांपुरता भात लावतो, मग अर्धा सकाळी फोडणीला टाकतो. ते पान दोनदा वाचलं.

उन्मेषला फोन करून सांगितलं. रडलात का बाबा, म्हणाला. पुस्तक साधारण आहे, म्हणालो.

म्हणजे कावळ्याचं काम झालं. मालिनी आता मोकळी. दिवसभर घरात फिरत राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं.

१ डिसेंबर

काही नाही.

२ डिसेंबर

दुपारी कुलसुमभाभींकडे गेलो. पुस्तक पुरं केलं, मालिनीचं आता काही राहिलं नाही, असं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचं कुठे राहिलं होतं, भावजी? तिने ते दोन दिवसांत संपवलं होतं. मला सावकाश वाचून दाखवायची. राहिलं ते माझं."

घरी येऊन चष्मा आणि पुस्तक घेतलं, परत गेलो. त्यांनी हात धुतले, पडवीत खुर्ची दिली, समोर पायरीवर बसल्या. दुमडलेल्या पानाच्या पुढून वाचायला लागलो. पहिलंच बोलणं वेदचं, तिच्या आवाजाशिवाय दिवस जात नाही वगैरे.

भाभी म्हणाल्या, ऐकू येत नाही, मोठ्याने वाचा.

वाचलं.